एक सामना, पाच पडदे

क्रिकेटची लीग म्हटली की वर्तमानपत्रे धावांचे आणि कोटींचे आकडे छापतात. राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माझ्यासारख्या निवृत्त मास्तराला मात्र निराळाच हिशेब मौजेचा वाटतो. हा खेळ पाहतो कोण, आणि कोणासंगे बसून पाहतो?

आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा. वैशाखात कापूस विकून झालेला, मृगाला अवकाश, मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या. उन्हाने दिवसभर घरात कोंडलेली मंडळी संध्याकाळी करमणूक शोधत असतात. १८ एप्रिल २००८ रोजी इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली ती नेमकी अशा दिवसांत.

त्याआधी क्रिकेट हा आमच्या घरी पुरुषांचा कारभार. ट्रान्झिस्टर कानाशी धरून बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकायचे, आणि बायकांनी चहा आणून द्यायचा! वीस षटकांचा सामना मात्र रात्री जेवणाच्या वेळेलाच घरात शिरला. टी.व्ही. एकच, आणि ती वेळ मालिकांची. आई आणि आमच्या सौ. हे सासू-सुनेचे दुर्मिळ ऐक्य एका बाजूला, चिरंजीव दुसऱ्या बाजूला. शेवटी तह झाला : जाहिराती लागल्या की चॅनेल फिरवायचे. त्या तहातूनच दोघी प्रेक्षक झाल्या; आधी नाइलाजाने, मग हौसेने. पुढे सूनबाई आल्या, त्या तर माहेराहूनच धोनीच्या चेन्नईची बाजू घेऊन!

विदर्भाचा स्वतःचा संघ या लीगमध्ये नाही. त्यामुळे आमच्याकडे बाजू गावाची नसते, खेळाडूची असते. एकाच घरात तीन संघ सुखाने नांदतात.

मग मोबाइल आला. २०२२ च्या लिलावात पुढील पाच हंगामांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटींना गेले. भारतात टी.व्ही.चे हक्क एका कंपनीकडे, मोबाइलचे दुसरीकडे. २०२३ मध्ये जिओसिनेमाने सामने फुकट दाखवले, आणि तेही मराठी समालोचनासह! चिरंजीवांचा जुना फोन आईच्या हाती आला. ऐंशी ओलांडलेली ती माउली उद्गारली, "काहून रे, हे तं आपल्या मराठीतच बोलून राहिले!" तेव्हापासून पायचीत म्हणजे काय, हे ती आम्हाला समजावते.

पण वाचकहो, येथेच गोम आहे. मी आणि सौ. टी.व्ही.समोर, आई माजघरात, चिरंजीव गच्चीवर, सूनबाई ओट्यापाशी, नातू माझा फोन घेऊन पलंगावर. प्रेक्षक वाढले, बैठक मोडली. फोनवरचे चित्र टी.व्ही.च्या मागून येते. त्यामुळे एकच षटकार आमच्या घरात पाच वेळा बसतो, आणि टाळी एकत्र एकदाही पडत नाही. पूर्वी "आउट कोण झाला?" असे आई विचारी, तेव्हा चौघे उत्तर देत. आता तिला विचारावेच लागत नाही. ही प्रगती खरी; पण त्या प्रश्नाच्या निमित्ताने होणारे बोलणेही गेले.

२७ मे २०२५ ची रात्र निराळी ठरली. लखनौला बंगळूरपुढे २२८ धावांचे लक्ष्य, आणि कर्णधार जितेश शर्मा, आमच्या शेजारच्या अमरावतीचा! तो फटके मारू लागला तशी गच्ची, ओटा, पलंग सारे ओस पडून मंडळी पुढच्या खोलीत आली. त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून सामना जिंकून दिला. ३ जूनला त्याच संघाने आपले पहिलेच विजेतेपद मिळवले, तेही आम्ही एकत्रच पाहिले.

त्या दिवसापासून आमच्याकडे नवा रिवाज पडला आहे. चित्र टी.व्ही.चे, आवाज आईच्या फोनचा. चेंडू सीमेपार गेल्यावर समालोचक सांगतो की गोलंदाज धावत निघाला आहे! नातू वैतागतो. आई त्याला म्हणते, "अरे, कथा ठाऊक असली म्हणून कीर्तन चुकवते का कोणी?"