ग्रीन टी : कपातला आणि कॅप्सूलमधला

मिचियो त्सुजिमुरा १९२० मध्ये होक्काइदोच्या विद्यापीठात संशोधनासाठी गेल्या, तेव्हा तिथे मुलींना प्रवेशच नव्हता. त्यांनी बिनपगारी मदतनीस म्हणून प्रयोगशाळेत काम पत्करलं. पुढे त्या टोकियोत आल्या, तर १९२३ च्या भूकंपात तिथली प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली. मग रिकेन संस्थेत उमेतारो सुझुकी यांच्या हाताखाली त्या रुजू झाल्या. १९२४ मध्ये सेइतारो मिउरा यांच्यासोबत त्यांनी ग्रीन टीमध्ये 'क' जीवनसत्त्व असल्याचं दाखवून दिलं, १९२९ मध्ये चहातलं कॅटेचिन हे कडवट द्रव्य वेगळं केलं आणि १९३२ मध्ये कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या जपानी महिला ठरल्या. आज ग्रीन टीच्या खोक्यावर जे दावे छापलेले असतात, त्यातले बहुतेक या कॅटेचिनच्याच जोरावर केलेले असतात.

आपला रोजचा चहा आणि ग्रीन टी एकाच झाडाचे. (गवती चहा मात्र वेगळीच वनस्पती, तिचे गुण तिचे स्वतःचे.) फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. काळ्या चहासाठी पानं सुकवतात, चुरडतात आणि हवेत राहू देतात. त्यात पानातलं विकर कॅटेचिनचं रूपांतर दुसऱ्या द्रव्यांत करतं आणि चहाला तो तांबूस रंग येतो. ग्रीन टीसाठी पान खुडल्यावर लवकरच तापवतात. जपानमध्ये वाफेवर, चीनमध्ये बहुधा कढईत. उष्णतेने विकर निकामी होतं, पान हिरवं राहतं आणि कॅटेचिनही बरंचसं टिकतं.

आता मुद्द्याचं. ग्रीन टीने प्रकृतीला नेमकं काय होतं? मला सगळ्यात वजनदार वाटतो तो जपानच्या मियागी प्रांतातला ओसाकी अभ्यास. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या पाहणीत ४० ते ७९ वयाच्या ४०,५३० जणांच्या प्रकृतीचा अकरा वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला. दिवसाला एक कपही न पिणाऱ्यांच्या तुलनेत पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांत एकूण मृत्यूचं प्रमाण पुरुषांमध्ये १२ टक्के आणि स्त्रियांमध्ये २३ टक्के कमी आढळलं. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांत हा फरक आणखी ठळक होता. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही, आणि हेही तितक्याच मोठ्याने सांगायला हवं. शिवाय ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. भरपूर ग्रीन टी पिणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात. तिथला कप साधारण १०० मिलिलिटरचा, म्हणजे पाच कप हे आपले दोन-अडीच मोठे मग. प्रत्यक्ष प्रयोगांत वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलं दिसतं, डेसिलिटरमागे दोन ते पाच मिलिग्रॅम. कोलेस्टेरॉलची गोळी बंद करण्याइतकं ते खचितच नाही.

वजनाचं काय? याच आशेवर आपल्याकडे सर्वाधिक खोकी खपतात. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात उपलब्ध प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा वजनातली घट वैद्यकीयदृष्ट्या नगण्य निघाली. आपल्याकडे खरा लाभ वेगळ्या वाटेने होतो. दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखर घालून चहा घेणाऱ्याने त्यातले दोन कप बिनसाखरेच्या ग्रीन टीचे केले, तर तेवढी साखर सुटते. हा फायदा मी कॅटेचिनपेक्षा वरचा धरते.

पण त्यासाठी तो प्यावासा वाटला पाहिजे. बहुतेक घरी पाणी खळखळ उकळतं ठेवून त्यातच पानं टाकतात. मग काढा होतो, तोंड तुरट पडतं आणि डबा मागच्या फळीवर जातो. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून झाकण काढावं, चार-पाच मिनिटं थांबावं. ७० ते ८० अंशांना चमचाभर पानं सोडावीत. गुंडाळलेली पानं हळूहळू उलगडतात, पाणी पिवळसर-हिरवं होतं; दीड-दोन मिनिटांत गाळून घ्यावं. थोडा निवल्यावर प्यायल्याने घशाचंही भलं होतं: ६५ अंशांवरच्या पेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये संभाव्य कर्करोगकारक ठरवलं आहे.

अर्काच्या कॅप्सूलबद्दल मला काळजी वाटते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये इशारा दिला की, पूरक गोळ्यांतून ईजीसीजी हे कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेलं, तर यकृताला इजा झाल्याची लक्षणं रक्तात दिसू शकतात. नेहमीच्या पद्धतीने केलेला चहा त्यांनी सर्वसाधारणपणे सुरक्षित मानला. नॅडोलॉलसारख्या रक्तदाबाच्या औषधाचा परिणामही ग्रीन टीने घटतो, तेव्हा नेहमीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारावंच.

आणि बायकांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. चहातली द्रव्यं पालेभाज्या, कडधान्यं, नाचणी यांतल्या लोहाला जखडतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. म्हणून जेवणावर लगेच ग्रीन टी नको. मध्ये तासाभराचं अंतर असावं. जेवताना लिंबू पिळून घ्यावं, त्यातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. लोहाची गोळी तर चहासोबत कधीच घेऊ नये.