एक गोळी आणि दोन पानिपते

विज्ञानकथा म्हटली की परग्रहांवरील लढाया डोळ्यांपुढे येतात. परंतु मराठीतील एका नामवंत विज्ञानकथेची रणभूमी पृथ्वीवरचीच आहे. ती कथा म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही होय.

प्रथम खरा इतिहास ध्यानी घेतला पाहिजे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ आणि अहमदशहा अब्दाली यांच्या सैन्यांची गाठ पडली. या युद्धामागे मोठे राजकारण होते. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला आपल्या बाजूस यावा म्हणून दोन्ही पक्ष खटपट करीत होते. तो बराच काळ घुटमळला आणि अखेरीस नजीबखानाच्या प्रयत्नांनी अब्दालीस मिळाला. उलट भरतपूरचा सूरजमल आरंभी मराठ्यांसोबत होता. पण मतभेद होऊन तो युद्धापूर्वीच निघून गेला. मित्र दुरावले, रसद तुटली आणि सैन्यास उपाशीपोटी लढावे लागले. तरीही दुपारपर्यंत मराठ्यांनी शर्थ केली. इतक्यात पेशव्यांचा पुत्र विश्वासराव गोळी लागून पडला, सैन्याचा धीर सुटला आणि रणाचा रंग पालटला.

नारळीकरांनी कथेत एवढाच बदल केला की, ती गोळी विश्वासरावाच्या कानास चाटून गेली. मराठे जिंकले, त्यांची सत्ता दृढ झाली आणि इंग्रजांचा अंमल मुंबईसारख्या थोड्या ठिकाणांपुरताच उरला. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर या निराळ्या जगात जाऊन पोहोचतात आणि मुंबईच्या ग्रंथालयात बसून, इतिहासाची वाट कोठे वळली याचा शोध घेतात.

यात विज्ञान कोठे आहे? अणूतील इलेक्ट्रॉन नेमका कोठे सापडेल, हे आधी निश्चित सांगता येत नाही; कोठे सापडण्याचा संभव किती, एवढेच सांगता येते. यावरून काही शास्त्रज्ञांनी असा तर्क केला की, जितके संभव तितकी जगे असावीत. हा तर्क सिद्ध झालेला नाही. पण कथेचा पाया तोच आहे.

खऱ्या पानिपतानंतर, थकूनभागून परतणाऱ्या मराठ्यांना अन्न आणि आसरा दिला तो निघून गेलेल्या सूरजमलानेच! गोळी कोठे लागेल, हे कोणाच्याच हाती नसते; मित्र राखणे मात्र माणसाच्या हाती असते.