बिल्ल्यामागची चार चाकं

मुंबईत गोरेगावच्या आरे चेकनाक्यावरून पावसाळ्यात आत शिरणाऱ्या गाड्या जरा निरखून पाहाव्यात. उंच बॉनेट, छतावर सळ्या, दारांखाली काळ्या प्लास्टिकची पट्टी अशा थाटाच्या एसयूव्ही एकामागोमाग एक जातात. डोंगर चढून आल्यासारखा त्यांचा आव असतो, पण त्यांतल्या बहुतेकींना फक्त पुढची दोन चाकं ओढत असतात. मागची दोन नुसती फरफटत येतात. त्याच रांगेत क्वचित एखादी जुनी स्कोडा सुपर्ब दिसते. लांब, बुटकी, अंगावर कसलाही तोरा नाही. डिकीच्या झाकणावर कोपऱ्यात 4×4 असा छोटा बिल्ला असेल तर ती चारही चाकांनी ओढते. दिसायचं एक आणि असायचं दुसरं, हा प्रकार आपल्या गाड्यांच्या बाजारात नवा नाही. इथे तो उलट्या दिशेने झाला आहे, म्हणून या गाडीवर लिहावंसं वाटतं.

दुसऱ्या पिढीची सुपर्ब भारतात 2009 मध्ये आली. खपली ती मुख्यतः 1.8 लिटर पेट्रोल आणि 2 लिटर डिझेल इंजिनांत, आणि ती दोन्ही इथे पुढच्या चाकांवर चालणारी होती. तिसरी, सगळ्यांत वरची आवृत्ती 3.6 लिटर व्ही 6 पेट्रोलची. 260 पीएस ताकद, 350 न्यूटन मीटर टॉर्क आणि चारही चाकांना ओढ. लांबी 4.8 मीटरच्या वर आणि मागच्या सीटवर पाय पसरून बसता येईल एवढी जागा. शून्यापासून 100 चा वेग साडेसहा सेकंदांत. आजी-आजोबांना घेऊन लग्नाला जायच्या गाडीला एवढी घाई कशाला, हा प्रश्न योग्यच आहे. पण या गाडीत बघण्यासारखं ते नव्हेच.

बघण्यासारखं खाली, पोटाशी आहे. ते समजायला आरेचे रस्ते बरे पडतात. 1949 मध्ये दुग्धव्यवसायतज्ज्ञ दारा खुरोडींच्या पुढाकाराने मुंबईतले तबेले इथे हलवायला सुरुवात झाली, आणि हे रस्ते दुधासाठी, म्हशींसाठी आखले गेले. युनिट नंबर अमुक, युनिट नंबर तमुक असे पत्ते आजही तिथूनच आलेले. पुढे पश्चिम द्रुतगती महामार्गावरून पवईकडे सुटण्याची वाट म्हणून शहराने दिनकरराव देसाई मार्ग आपलासा केला. मुख्य रस्ता सोडून युनिटांकडे किंवा पाड्यांकडे वळलं की पावसात उतारावरची माती रस्त्यावर येते, वर ओला पाला पडतो, मध्येच शेण. एका चाकाखाली डांबर आणि दुसऱ्याखाली चिखल, अशी स्थिती चढावर आली की इंजिनाची ताकद किती यापेक्षा ती कोणत्या चाकाला मिळते हे महत्त्वाचं ठरतं.

मुंबईने या प्रश्नाची सगळी उत्तरं वापरून पाहिली आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालायची. 1983 मध्ये मारुती 800 आली आणि देशाला पुढच्या चाकांची सवय लागली; इंजिन, गिअरबॉक्स, ओढणारी चाकं सगळं पुढेच, त्यामुळे आत जागा जास्त आणि वजन कमी. चार चाकांची ओढ म्हणजे मात्र जीप. महिंद्राने माझगावात विलीज जीप जुळवायला घेतली, पुढे गोरेगावपासून दोन स्टेशनांवरच्या कांदिवलीत कारखाना उभा राहिला, आणि ‘फोर बाय फोर’ म्हटलं की डोळ्यांसमोर गिअरचा दुसरा छोटा दांडा यायला लागला.

त्या जुन्या जीपचं फोर बाय फोर कोरड्या डांबरावर चालू ठेवायचं नसतं, हे चालवणाऱ्यांना ठाऊक असतं. कारण सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. वळणावर गाडीची चारही चाकं सारखं अंतर कापत नाहीत. पुढची मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान वर्तुळावरून. जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक मिटवतं. डांबरावर घसरायला वाव नसतो, म्हणून शाफ्टला पीळ पडत जातो, स्टिअरिंग जड होतं आणि गिअर सुटेनासा होतो. कौटुंबिक सेडानला हे परवडणारं नाही. तिला सोसायटीच्या आवारात वळायचं असतं.

यावर जगाने काढलेल्या वाटा अनेक. 1966 ची ब्रिटिश जेन्सन एफएफ ही रस्त्यावरच्या मोटारीला चार चाकांची ओढ देणारी पहिली उत्पादित गाडी मानली जाते. जपानमध्ये सुबारूने 1972 मध्ये लिओन स्टेशन वॅगनला ती दिली. 1980 मध्ये आलेल्या ऑडी क्वाट्रोने ती रॅलीच्या मैदानात नेली आणि मग तिला प्रतिष्ठा आली. ऑडी ए4 सारख्या गाड्यांत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्यामागे गिअरबॉक्स आणि मध्ये, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा, एक कायमचा डिफरन्शियल. ताकद सतत चारही चाकांना. सुपर्बमध्ये इंजिन आडवं. तिथे मधला डिफरन्शियल नाही, त्याऐवजी वेगळी युक्ती. मजा अशी की या दोन्ही पंथांचा महाराष्ट्रातला पत्ता एकच. औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना 2001 पासून, आणि ऑडीच्या गाड्याही 2007 पासून तिथेच जुळू लागल्या.

आडव्या जागेत सहा सिलिंडर मावतात कसे, तेही पाहण्याजोगं आहे. नेहमीच्या व्ही 6 मध्ये सिलिंडरच्या दोन रांगांमध्ये बहुधा 60 किंवा 90 अंशांचा कोन असतो. इथे तो फक्त 10.6 अंशांचा. दोन रांगा जवळजवळ एकमेकींत घुसलेल्या आणि दोघींवर मिळून एकच हेड. इंजिन आखूड झालं, म्हणून आडवं बसलं. आडवं बसलं, म्हणून मागे पाय पसरायला जागा उरली. गिअरबॉक्सही वेगळा निवडावा लागला. 1.8 लिटरच्या गाडीतला सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा, 250 न्यूटन मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठी केलेला. 350 च्या टॉर्कला तो पुरला नसता, म्हणून व्ही 6 ला तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी. एक गिअर कमी आहे म्हणून कोणी नाक मुरडलं असेल, पण दणकट तोच.

आता मुख्य गोष्ट. गिअरबॉक्सच्या बाजूला एक कोनाचा गिअर ताकद काटकोनात वळवतो. तिथून प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी नारळाएवढ्या डब्यात शिरतो. या डब्याचं नाव हॅल्डेक्स, मूळ स्वीडिश कंपनीचं. तिचा हा विभाग 2011 मध्ये बोर्गवॉर्नरने घेतला. डब्यात क्लचच्या पातळ प्लेटांची चळत तेलात बुडालेली असते. एक प्लेट पुढून येणाऱ्या शाफ्टला जोडलेली, पुढची मागच्या डिफरन्शियलला, पुन्हा एक इकडची, एक तिकडची. प्लेटा सैल असल्या की एकमेकींवरून सरकतात आणि मागे फारसं काही पोचत नाही. तेलाचा दाब वाढवून त्या आवळल्या की दोन्ही बाजू एकत्र फिरू लागतात. किती आवळायच्या ते संगणक ठरवतो: अॅक्सिलरेटर किती दाबला, प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय, स्टिअरिंग कुठे वळलंय, हे सगळं त्याच्याकडे क्षणोक्षणी येत असतं.

1998 च्या सुमाराला ऑडी टीटी आणि गोल्फमध्ये हा डबा पहिल्यांदा आला, तेव्हा त्याचा पंप पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातल्या फरकावर फिरायचा. म्हणजे पुढची चाकं थोडी घसरल्याशिवाय मागच्यांना बोलावणं जायचं नाही. सुपर्बमध्ये त्याची चौथी पिढी आहे. तिला विजेचा पंप मिळाला आणि दाब आधीच तयार राहू लागला. गाडी उभी असतानाच प्लेटा आवळलेल्या असू शकतात, त्यामुळे ओल्या चढावर पुढचं चाक जागच्या जागी फिरायच्या आत मागची दोन ढकलायला लागतात. हमरस्त्यावर एकसारख्या वेगात मात्र बहुतेक ताकद पुढेच राहते. सोसायटीच्या आवारात वळताना प्लेटा सैल पडतात, म्हणून जीपसारखा पीळ नाही. जोराचा ब्रेक लागून एबीएस जागं झालं तरीही त्या सैल होतात. चार चाकं एकमेकांना बांधलेली राहिली तर एबीएसला प्रत्येक चाक वेगळं सांभाळता येणार नाही.

इथेच एक गैरसमज अडकलेला असतो. चार चाकांची ओढ गाडी हलवायला उपयोगी, थांबवायला नाही. ब्रेक तर कुठल्याही गाडीचे चारही चाकांवर असतात. आरेतल्या उतारावर ओल्या पाल्यावरून खाली येताना 4×4 सुपर्ब आणि साधी सुपर्ब यांच्यात टायर चांगले कोणाचे एवढाच फरक. उलट चढताना इतक्या सहज चढलेली गाडी चालवणाऱ्याला रस्ता कोरडा असल्याचा भास करून देते. पुढे वळणावर म्हैस उभी असली की तो भास महागात पडतो. आणि खड्ड्यांच्या बाबतीत हॅल्डेक्सचा काडीचाही उपयोग नाही. बुटक्या, लांब गाडीचं पोट उंच गतिरोधकावर घासायचं ते घासणारच. त्या एका बाबतीत थाटाच्या एसयूव्ही खरोखर वरचढ आहेत; उंची दिखाऊ नसते.

या यंत्रणेची किंमतही आहे. जादा शाफ्ट, जादा डिफरन्शियल, म्हणजे जादा वजन, आणि पुढे 3.6 लिटर पेट्रोल. ‘किती देते?’ या प्रश्नाला कंपनीच्या युरोपीय आकड्यांतही लिटरला जेमतेम 10 किलोमीटर एवढंच उत्तर होतं. टायरचंही पथ्य आहे. एक टायर फाटला तर पंक्चरवाला एकच नवा घालायला सांगेल. नव्या टायरचा घेर झिजलेल्यापेक्षा मोठा असतो, चाकांचे वेग जुळत नाहीत, आणि संगणकाला गाडी सरळ जातानाही कुठेतरी घसरण दिसत राहते. निदान एका अॅक्सलची जोडी बदलावी, शक्य तर चारही. बंद पडलेली गाडी दोन चाकं उचलून ओढत नेण्यापेक्षा फ्लॅटबेडवर चढवलेली बरी.

एवढं सगळं पदरी असून ही आवृत्ती भारतात फार चालली नाही, आणि त्याचं मला आश्चर्य वाटत नाही. एवढे पैसे मोजणाऱ्याला बॉनेटवर जर्मन चिन्ह हवं असतं, नाहीतर उंच बसायला हवं असतं. चार चाकांची ओढ बघून सेडान घेणारा माणूस बर्फाच्या देशात भेटतो. आपल्याकडे वर्षातले चार महिने तिथल्यासारखीच निसरड असते, पण ती आपण पावसाच्या खात्यावर मांडतो, चाकांच्या नाही.

आता अशी गाडी जुन्या बाजारातच मिळेल. पाहायला जाणाऱ्याने रंग आणि चामड्याच्या सीट नंतर पाहाव्यात. हॅल्डेक्समधलं तेल लिटरभरसुद्धा नसतं, पण ते साधारण 60,000 किलोमीटरला बदलायचं असतं. डीएसजीच्या तेलाची मुदतही जवळपास तेवढीच. हॅल्डेक्सच्या तेलाचं बिल सहसा सापडत नाही, कारण तेल बदललं नाही तरी गाडी चालतच राहते: प्लेटांचा चुरा तेलात साठतो, पंप दमतो, मागची चाकं गप्प बसतात आणि सुक्या रस्त्यावर मालकाला पत्ताही लागत नाही. तेव्हा फेरी मारायला मागावी ती पाऊस पडून गेल्यावर, आणि सपाट रस्त्यावर नव्हे तर मातीच्या चढावर. गाडी थांबवावी, जरा दाबून अॅक्सिलरेटर द्यावा आणि बाहेर उभ्या केलेल्या जोडीदाराला पुढच्या चाकाकडे बघायला सांगावं. ते चाक चिखल उडवत जागीच फिरलं, तर बिल्ला शाबूत आणि डबा मेलेला आहे असं समजून भावाला बसावं.