भारताला उत्तरेकडे कोणी ओढले?

म्यानमारमध्ये २८ मार्च २०२५ रोजी झालेला ७.७ तीव्रतेचा भूकंप सगाइंग प्रस्तरभंगावरचा. देशाच्या मधोमध उत्तर-दक्षिण गेलेल्या या भेगेच्या दोन्ही बाजू वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर एकमेकींना घासत सरकू पाहतात. त्या अडकल्या की ताण साठत जातो. पश्चिमेची बाजू उत्तरेकडे खेचली जाते, ती शेजारच्या भारतीय भूपट्टामुळे.

भूपट्ट का सरकतात, याचे शालेय उत्तर ठरलेले आहे: खाली प्रावरणात उष्ण प्रवाह फिरतात आणि वरचे भूपट्ट त्यांवरून वाहत जातात. हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे. सागरतळाचा खडक जुना होतो तसा थंड आणि जड होतो व खंदकापाशी प्रावरणात बुडतो. पलंगावरून लोंबणारी गोधडी आपल्याच वजनाने घसरत जावी, तशी ही बुडणारी कड मागचा अख्खा भूपट्ट ओढून नेते. कडा खंदकांत बुडत असलेला पॅसिफिक भूपट्ट वेगवान आहे, तो यामुळेच.

भारताचे प्रकरण मात्र एवढ्याने सुटत नाही. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटलेला हा भूपट्ट पुढे वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास वेगाने धावत होता. पाठीवर खंड असताना हा वेग अचाटच. याच धावेत, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, तो आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्थानावरून गेला आणि दख्खनचे लाव्हाथर पसरले. सह्याद्रीच्या कड्यांवरच्या आडव्या पायऱ्या त्यांच्याच. खालून उसळलेल्या त्या उष्ण लोटानेच भारताला ढकलले, असे कँडी आणि स्टेगमन या भूवैज्ञानिकांनी २०११ मध्ये मांडले. कल्पना मराठी वाचकाला सुखावणारी आहे. पण दख्खनचा मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपला. धाव कोट्यवधी वर्षे टिकली. भारत आणि आशिया यांच्यामधल्या तेव्हाच्या टेथिस समुद्रात एकामागे एक असे दोन खंदक होते आणि दोन्हींच्या ओढीने वेग वाढला, हे जागूट्झ व सहकाऱ्यांचे २०१५चे स्पष्टीकरण अधिक पटते.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाशी टक्कर झाली आणि वेग मंदावला. टेथिसच्या तळाचा गाळ उचलला गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडकात सागरी जीवाश्म सापडतात ते त्यामुळे. आजही भारत आशियाकडे वर्षाला चार-पाच सेंटिमीटर सरकतो. त्यातले सुमारे दोन हिमालयात जिरतात. तिथे साठणारा ताण उपग्रहांच्या मदतीने मोजता येतो, पण तो कोणत्या दिवशी सुटेल हे सांगण्याची पद्धत कोणाकडेही नाही. तारखेनिशी भूकंपाचे भाकीत करणारे मोबाइलवरचे संदेश त्यामुळे पुढे पाठवू नयेत.