धोतर, किल्ट आणि जांघेतली खाज

जून २०१७मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरात उष्णतेची लाट आली होती. बसचालकांना हाफ पँट घालायला मनाई, महिला चालकांना मात्र स्कर्ट चालत होता. मग काही पुरुष चालकही स्कर्ट घालून कामावर आले. फोटो जगभर छापून आले, लोक हसले. खरे तर नांतच्या उकाड्याला वाशिमकर उकाडा म्हणणारही नाहीत. आपल्याकडे नवतप्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि तेव्हाही माणूस पॉलिएस्टरची पँट, कमरेला पट्टा आणि आत घट्ट इलॅस्टिकची चड्डी अशा थाटात कामावर निघतो.

स्कॉटलंडचे पुरुष किल्ट नावाचा, गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा लोकरी वेश घालतात. वाशिमला त्याचे नवल वाटायचे कारण नाही. दोन पिढ्यांमागे मालेगाव-रिसोडकडचा शेतकरी धोतरातच वखर हाकायचा आणि गुरुजीही धोतरातच शाळेत जायचे. आज धोतर बाजेवर बसलेल्या आजोबांपुरते उरले आहे. नातू जीन्समध्ये आहे आणि सरकारी दवाखान्यात त्वचेच्या ओपीडीसमोर रांगेत उभा आहे. काय होते म्हणून विचारले की आधी इकडेतिकडे बघतो, मग हळूच सांगतो, 'खाज आहे, खाली.'

ही खाज बहुतेक वेळा गजकर्णाची असते. गजकर्ण ही बुरशी. आपल्या कातडीच्या वरच्या थरातले केराटिन हे तिचे खाणे. तिला हवी ऊब आणि ओल. एक लिटर घाम उडून जाताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण तो उडाला तर. जाड जीन्सच्या आत तो उडत नाही, जांघेत मुरतो. रंग न उतरलेली, पावसाळ्यात अर्धवट वाळलेली तीच पँट दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवली की बुरशीची सोय झाली. धोतर पातळ आणि सुती असते, वारा खेळतो, तासाभरात वाळते. अर्थात आजोबांनाही गजकर्ण होतेच. धोतराचा कासोटा जांघेतूनच जातो आणि ओला राहिला तर तोही त्रास देतो. या हिशेबात लुंगी धोतराहून सरस आणि किल्टच्या जास्त जवळची.

पण खरा घोळ कपड्यांनंतर सुरू होतो. लाजेपोटी माणूस डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलमध्ये जाऊन 'खाजेची ट्यूब' मागतो. हातात पडते ते बुरशीचे औषध, प्रतिजैविक आणि जहाल स्टिरॉइड एकत्र असलेले मलम. दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टिरॉइड सूज दाबते. बुरशी मात्र आत निवांत पसरते. ट्यूब संपली की खाज दुपटीने परत येते आणि माणूस दुसरी ट्यूब आणतो. काही महिन्यांत मांडीची कातडी कागदासारखी पातळ होते आणि तिच्यावर भेगांसारखे पट्टे उठतात. ते पट्टे जन्मभर राहतात. २०१८मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. ट्यूब तरीही मिळते.

जांघेतच हे इतके का बिघडते? तिथली कातडी शोषून घेण्यात अव्वल आहे. १९६७मध्ये फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिझोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून मोजले. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत वृषणाच्या कातडीने ते ४२ पट जास्त शोषले.

याच कारणासाठी धोतर-लुंगीचे कौतुक एका ठिकाणी थांबवावे लागते: फवारणीला. पॅराथिऑन या कीटकनाशकावरच्या नंतरच्या प्रयोगात वृषणाच्या कातडीने हाताच्या सुमारे १२ पट औषध शोषल्याचे दिसले होते. २०१७च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. गळक्या पंपाचे पाणी पाठीवरून कमरेत आणि तिथून जांघेत उतरते. तिथे पूर्ण पँट, वरून न भिजणारे आवरण हवे, आणि काम संपताच आंघोळ करून कपडे बदलायला हवेत. किल्टवाल्यांनाही हा धडा मिळाला होता. पहिल्या महायुद्धातला मस्टर्ड वायू घामेजलेल्या जागा आधी जाळायचा, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश लष्कराने लढाईतून किल्ट काढूनच टाकला. सोयाबीनच्या मळणी यंत्राजवळही सोगा सोडून उभे राहणे म्हणजे जीव धोक्यात घालणे.

एक प्रश्न हमखास विचारला जातो: पँटमुळे मूल होत नाही का? वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते हे खरे. २०१८मध्ये अमेरिकेत ६५६ पुरुषांच्या तपासणीत सैल चड्डी घालणाऱ्यांमध्ये शुक्राणूंची घनता २५ टक्के जास्त आढळली. पण घट्ट चड्डीवाल्यांची सरासरीही सामान्य मर्यादेतच होती. मूल होत नसेल तर जीन्सला दोष देत बसू नये. आणि बायकोला दवाखान्यांच्या चकरा मारायला लावण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी करावी. ती साधी आणि स्वस्त असते.

पोलीस, एसटीचे चालक, एटीएमचे रखवालदार यांचा गणवेश काही त्यांच्या हातात नाही. आतली चड्डी मात्र आहे. ती सुती, सैल आणि रोज बदललेली असावी. घरी आल्यावर पँट उतरवून लुंगी नेसावी, आंघोळीनंतर जांघ कोरडी पुसूनच कपडे चढवावेत. गजकर्ण असेल तर कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात टाकावेत, टॉवेल वेगळा ठेवावा. घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्यालाही त्याच वेळी औषध हवे, नाहीतर ती घरातच फिरत राहते. औषध आठवडाभरात खाज थांबली म्हणून सोडायचे नाही. डाग गेल्यावरही साधारण दोन आठवडे चालू ठेवतात. आता टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी देशभर आढळते. २०२०मध्ये तिचे 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे बारसे झाले आणि २०२३मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही सापडली. पूर्वीसारखे दोन आठवड्यांत बरे वाटले नाही तर डॉक्टरांना पुन्हा दाखवावे. गजकर्ण अंगभर असेल तर रक्तातली साखरही तपासून घ्यावी.

आणि कमरेचा करदोडा. तो वर्षानुवर्षे घामाने भिजतो, कधी पूर्ण वाळत नाही, आणि बुरशी त्याच्याखाली तळ ठोकून बसते. उपचार चालू आहेत तोवर तो काढून ठेवावा.