चोवीस तासांची साखर आणि विम्याची अट

अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ ही सरकारी आरोग्य विमा योजना आहे. दंडावर किंवा पोटावर लावायचा ग्लुकोज सेन्सर या योजनेतून हवा असेल, तर जुलै २०२१पर्यंत मधुमेही रुग्णाला एक अट पुरी करावी लागे. तो दिवसातून किमान चार वेळा बोट टोचून साखर तपासतो, हे कागदोपत्री दाखवायचे. पण हीच मेडिकेअर इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला तपासणीच्या पट्ट्या सर्वसाधारणपणे तीन महिन्यांना ३०० द्यायची, म्हणजे दिवसाला जेमतेम तीन. चौथ्या पट्टीसाठी डॉक्टरांनी जादा गरज वेगळी लिहून द्यायची, नाहीतर रुग्णाने पदरचे पैसे घालायचे. बोट टोचण्याचा त्रास कमी व्हावा म्हणून जे उपकरण हवे, त्यासाठी आधी ठरल्यापेक्षा जास्त वेळा बोट टोचणे भाग होते.

महागडे उपकरण गरजूलाच मिळावे, हा या नियमामागचा विचार रास्तच होता. चूक झाली ती गरजू कोण हे ठरवण्यात. वारंवार तपासणी करणारा रुग्ण जागरूक असतो. त्यालाच सर्वाधिक धोका असतो असे नाही. सेन्सर कोणाला लिहून द्यायचा आणि त्याचे पैसे कोणी भरायचे, या प्रश्नाचे उत्तर शोधायला अमेरिका आणि ब्रिटनला बरीच वर्षे लागली. त्यांचा हा प्रवास आपण नीट पाहिला, तर आपली काही वर्षे वाचतील.

त्वचेखालचा तंतू

कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर, म्हणजे सीजीएम, ही नाण्याएवढी चकती असते. स्प्रिंग असलेल्या अॅप्लिकेटरने ती दंडाच्या मागच्या बाजूला दाबून बसवतात. बसवताना सुई क्षणभर आत जाते आणि बाहेर येते. मागे राहतो तो जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचा लवचीक तंतू. त्याच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा थर असतो. पेशींभोवतीच्या द्रवातल्या ग्लुकोजशी या विकराची अभिक्रिया होते, तिच्यातून अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावरून साखरेचा आकडा निघतो. बहुतेक सेन्सर दर एक ते पाच मिनिटांनी हा आकडा मोबाइलवर पाठवतात आणि दहा ते पंधरा दिवस चालतात.

सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. रक्तातला बदल पेशींभोवतीच्या द्रवात पोहोचायला साधारण पाच ते दहा मिनिटे जातात. त्यामुळे साखर वेगाने चढत किंवा उतरत असेल, तर सेन्सर थोडा मागे असतो. झोपेत दंड अंगाखाली दबला, तर खोटा कमी आकडा दिसू शकतो. अंगाला घाम, हाताला कंप आणि मोबाइलवर मात्र ११०, असे झाले तर बोट टोचून खात्री करावीच लागते. हे उपकरण आले म्हणून ग्लुकोमीटर माळ्यावर टाकायचा नसतो.

सरासरी जे झाकते

आपल्याकडे मधुमेहाचा कारभार तीन आकड्यांवर चालतो: उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. ही सरासरी ७ टक्के असेल, तर रक्तातली साखर सरासरी १५४च्या आसपास असते. आता दोन माणसे डोळ्यांसमोर आणा. एकाची साखर दिवसभर १२० ते १९० यांमध्ये फिरते. दुसऱ्याची दुपारी २८० पर्यंत चढते आणि पहाटे ५५ पर्यंत उतरते. अहवालात दोघेही सातच टक्के. त्यातून लोहाची कमतरता किंवा थॅलसेमियासारखा रक्तदोष असेल, तर एचबीएवनसीचा आकडाच फसवा निघू शकतो. घरोघरी अॅनिमिया असलेल्या आपल्या देशात ही बाब किरकोळ नाही.

सीजीएमचा चौदा दिवसांचा आलेख एका पानावर छापला जातो. आडव्या अक्षावर मध्यरात्र ते मध्यरात्र, उभ्या अक्षावर साखर. मधली ठळक रेघ त्या-त्या वेळची मध्यम साखर दाखवते आणि तिच्याभोवतीचे फिकट पट्टे रोजचा चढउतार. समजा, हा आलेख संध्याकाळी इन्सुलिन घेणाऱ्या सत्तरीच्या आजींचा आहे. सकाळी सातला साखर ११८, एचबीएवनसी ७.१; कोणीही शाबासकीच देईल. पण आलेखात रात्री दोन ते चारच्या दरम्यान पट्टा ७०च्या रेघेखाली गेलेला दिसतो, काही रात्री तर ५४च्याही खाली. आजी ‘रात्री दचकून जाग येते, अंथरूण ओले होते घामाने’ म्हणतात, आणि घरचे त्याला वय म्हणतात. डॉक्टरांनी हे पान पाहिले की संध्याकाळचा डोस लगेच कमी होईल. पहाटे तीनला उठून बोट कोण टोचणार? म्हणून ही घसरण सेन्सरविना बहुधा कोणाला कळतच नाही.

मधुमेह जुना झाला की साखर उतरल्याची सूचना देणारी लक्षणे, म्हणजे घाम, धडधड, कंप, अनेकांमध्ये बोथट होतात. अशा माणसाला शुगर लो होतेय हे कळेपर्यंत भान हरपलेले असते. सेन्सरचा गजर सर्वात मोलाचा असतो तो यांच्यासाठी.

पुरावा काय सांगतो

अमेरिकेच्या एफडीएने पहिल्या सीजीएमला मान्यता दिली १९९९ मध्ये. ते तीन दिवस नोंदी साठवायचे आणि आकडे नंतर फक्त डॉक्टरांना दिसायचे. रुग्णाला त्या क्षणी साखर दाखवणारी उपकरणे पुढे आली, आणि २००८ मध्ये टाइप १ मधुमेहाच्या ३२२ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पंचवीस वर्षांवरील रुग्णांमध्ये एचबीएवनसी अर्ध्या टक्क्याहून अधिक उतरले. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. आठवड्यातून सहा किंवा अधिक दिवस सेन्सर वापरणारे प्रौढांमध्ये ८३ टक्के होते, तर १५ ते २४ वयोगटात अवघे ३० टक्के. लिहून दिलेला सेन्सर अंगावर राहिला तरच त्याचा गुण येतो.

टाइप २च्या बाबतीत डोळे उघडले ते २०२१च्या ‘मोबाइल’ या अभ्यासाने. यातले १७५ रुग्ण दिवसातून एक-दोनदाच दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन घेणारे होते, म्हणजे मेडिकेअरच्या तेव्हाच्या नियमात न बसणारे. आठ महिन्यांनी सेन्सरवाल्यांची साखर ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाच्या ५९ टक्के वेळ राहिली, बोट टोचणाऱ्यांची ४३ टक्के. हा फरक दिवसाला जवळजवळ चार तासांचा आहे. मग काही जणांचा सेन्सर काढून घेतला. त्यांचा ६२ टक्क्यांवर गेलेला आकडा सहा महिन्यांत ५० टक्क्यांवर आला. मिळवलेल्यातले निम्मे गेले, निम्मे टिकले. भारतासारख्या देशासाठी ही दोन्ही अर्धी महत्त्वाची आहेत.

नियम कसे बदलले

मेडिकेअरने सुरुवातीला सीजीएमला केवळ खबरदारीचे साधन मानले आणि पैसे नाकारले. त्यामुळे नोकरीत असताना खासगी विम्यातून सेन्सर मिळणाऱ्या अनेकांचा सेन्सर ६५ पूर्ण होताच बंद झाला, नेमका साखर उतरण्याचा धोका वाढतो त्या वयात. डिसेंबर २०१६ मध्ये एफडीएने डेक्सकॉमच्या एका सेन्सरच्या आकड्यावरून थेट इन्सुलिनचा डोस ठरवायला मान्यता दिली, आणि जानेवारी २०१७ मध्ये मेडिकेअरने दार उघडले. तरी अटी कडक होत्या: दिवसाला तीन इंजेक्शने किंवा पंप, आणि ते चार वेळा बोट टोचणे. त्यातही फोनवर आकडे पाहायला मनाई होती, कारण नियमाप्रमाणे फोन हे वैद्यकीय उपकरण नव्हे. एकट्या राहणाऱ्या आईची साखर परगावच्या मुलाला दिसणे हा सेन्सरचा मोठा उपयोग, आणि तोच बंद. जून २०१८ मध्ये ही मनाई उठली.

जुलै २०२१ मध्ये बोट टोचण्याची अट गेली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वात मोठा बदल झाला: कोणत्याही प्रमाणात इन्सुलिन घेणारा प्रत्येक रुग्ण पात्र ठरला. इन्सुलिन न घेणाऱ्यांनाही मार्ग मिळाला. औषधे बदलूनही साखर वारंवार ५४च्या खाली जात असेल, किंवा एकदाच पण इतकी गेली असेल की शुद्धीवर आणायला दुसऱ्याची मदत लागली, तर सेन्सर मिळतो. डॉक्टरांनी आधीच्या सहा महिन्यांत रुग्णाला तपासलेले असावे आणि पुढेही दर सहा महिन्यांनी तपासावे, ही अट मात्र राहिली, आणि ती योग्यच आहे.

ब्रिटनचा प्रवास वेगळा होता. तिथे नोव्हेंबर २०१७ पासून सेन्सर सरकारी खर्चाने लिहून देता येऊ लागला, पण निर्णय स्थानिक आरोग्य मंडळांच्या हाती. कोणत्या पिनकोडमध्ये राहता यावर सेन्सर मिळणे अवलंबून राहिले. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे स्वतः टाइप १ मधुमेही. त्यांच्या दंडावरचा सेन्सर छायाचित्रांत जगाने पाहिला. एप्रिल २०१९ पासून देशभर समान निकष आले आणि मार्च २०२२ मध्ये ‘नाइस’ या संस्थेने टाइप १ असलेल्या प्रत्येक प्रौढाला सेन्सर देऊ करण्याची शिफारस केली. टाइप २मध्ये दिवसाला अनेक इंजेक्शने घेणाऱ्यांपैकी ज्यांची साखर वारंवार उतरते, ज्यांना ती उतरल्याचे कळत नाही किंवा ज्यांना अपंगत्वामुळे स्वतः बोट टोचता येत नाही, त्यांचा समावेश झाला.

वाटा दोन, पण दोन्ही देश एकाच जागी पोहोचले. रुग्ण किती वेळा तपासणी करतो हा निकष मागे पडला. तो इन्सुलिन घेतो का आणि त्याची साखर धोकादायक उतरते का, हे निकष पुढे आले.

आपल्याकडे

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. राज्यांमध्ये गोवा सर्वात वर, तिथले प्रमाण २६.४ टक्के. दोन आठवड्यांच्या सेन्सरला आपल्याकडे साधारण चार ते सहा हजार रुपये पडतात. वर्षभर सलग वापरायचा तर २६ सेन्सर, म्हणजे लाख ते दीड लाख रुपये.

हा खर्च बहुतेकांच्या खिशातूनच होतो. आपला मेडिक्लेम मुळात रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेला आहे. ओपीडीचे संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावे लागते आणि त्याची मर्यादा अनेकदा एका सेन्सरलाही पुरत नाही. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांतून कुटुंबाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते, पण तेही मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांसाठी. त्यामुळे साखर उतरून बेशुद्ध पडलेल्या रुग्णाच्या आयसीयूचे बिल विम्यातून भरले जाते, आणि ती वेळ टाळू शकणाऱ्या सेन्सरचे बिल कुटुंबावर येते. मला हे पटत नाही. मधुमेह घरी सांभाळायचा आजार आहे. त्याचा विमा फक्त रुग्णालयाच्या दारापाशी सुरू होऊन चालणार नाही.

सगळ्या दहा कोटींना सेन्सर द्या, असे कोणीच म्हणणार नाही. क्रम लावता येतो. पहिला हक्क टाइप १ असलेल्या मुलांचा आणि प्रौढांचा; त्यांना सेन्सर सलग हवा. दुसरा हक्क साखर वारंवार उतरणाऱ्या रुग्णांचा, इन्सुलिनवर असोत वा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांवर. गरोदरपणात इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रियाही यात आल्या. उरलेल्या इन्सुलिनवाल्यांना वर्षातून दोन-तीनदा चौदा दिवसांचा सेन्सर लावला आणि आलेख पाहून औषध-आहार दुरुस्त केला, तरी पुष्कळ साधेल. आपल्याकडे डॉक्टरांच्या दवाखान्यात बसवायचा, आकडे साठवून शेवटी आलेख देणारा सेन्सरही मिळतो. दर पंधरा मिनिटांनी एक याप्रमाणे त्यात दिवसाच्या ९६ नोंदी जमतात.

अमेरिकेत २०२४ पासून काही सेन्सर चिठ्ठीविना विकायला परवानगी मिळाली, आणि मधुमेह नसलेलेही ते हौसेने लावू लागले. त्यांना त्यातून आरोग्याचा टिकाऊ लाभ होतो, असा ठोस पुरावा अजून नाही. बाजार पैसे असणाऱ्याकडे आधी जातो. म्हणूनच गरज असणाऱ्याकडे सेन्सर पोहोचवण्याचे काम विम्याच्या नियमांनी करायचे असते.

तोवर आपल्या हातात काय आहे? साखर उतरली की तारीख, वेळ, आकडा आणि मदत लागली का, हे वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना ते केसपेपरवर नोंदवायला सांगा. मेडिकेअर असो की नाइस, साखर उतरण्यावरून मिळणारी पात्रता या नोंदींवरच ठरते, आणि आपल्याकडच्या विमा कंपनीला किंवा टीपीएला (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेला) प्रश्न विचारायचा तरी हाच कागद लागणार. पॉलिसीचे नूतनीकरण करताना सीजीएम ओपीडी संरक्षणात बसते का, हे लेखी विचारा. आणि सेन्सर लावलाच, तर चौदा दिवसांचे जेवण, चालणे, औषधांच्या वेळा टिपून आलेखासह डॉक्टरांसमोर बसा. ७० ते १८० मधला वेळ ७० टक्क्यांहून अधिक आणि ७०च्या खालचा वेळ ४ टक्क्यांहून कमी, हे बहुतेक प्रौढांसाठीचे आंतरराष्ट्रीय लक्ष्य आहे. वृद्धांसाठी खालची मर्यादा आणखी कडक, १ टक्क्याहून कमी, कारण त्यांच्या बाबतीत साखर उतरू न देणे ही पहिली जबाबदारी. विमा योजना आखणाऱ्यांनीही आपला क्रम याच जबाबदारीपासून सुरू करावा.