टाळेबंदीत गावी परतलेले ऊसतोड मजूर

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुड परिसरातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. निघण्याआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल देतो. मग पाच-सहा महिने टनामागची मजुरी त्या उचलीत वळती होत राहते.

२५ मार्च २०२० ला कोरोनामुळे टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम सरत आला होता. हजारो मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकले. राहायला पाचटाची कोपी, पीठ-मीठ संपत आलेलं, दावणीला बैल, आणि गावाकडे म्हातारी माणसं नि लेकरं. १७ एप्रिलला राज्य सरकारने तपासणी करून त्यांना गावी जाऊ द्यायला मान्यता दिली. इतका उशीर व्हायला नको होता. घाम गाळून परतलेल्या माणसांना स्वतःच्याच गावात आधी शिवारात नाहीतर शाळेत वेगळं राहावं लागलं.

खरी अडचण हिशेबाची. तोड लवकर थांबली की टन कमी भरतात, उचल फिटत नाही आणि बाकी पुढच्या हंगामावर चढते. ती फेडायला त्याच मुकादमाच्या टोळीत पुन्हा जावं लागतं.